मनोरुग्णाच्या घरातील माणसे

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



अशा मेळाव्यात वक्त्याने मुलांच्या अभ्यासाविषयी, परीक्षेतील यशाविषयी बोलावे असा प्रघात आहे. मीही तीस वर्षांहून अधिक काळ शिक्षकी केली, तेव्हा त्या विषयावर मला चार शब्द बोलता आले असते. परंतु आज मी एका वेगळ्या विषयाला हात घालणार आहे. ज्या घरात एखादे माणूस मनाने आजारी असते, त्या घरातील बाकीच्या माणसांचे काय होते, हा तो विषय. या विषयाचा शिक्षणाशी काय संबंध, असे आपणांस वाटेल. तो किती जवळचा आहे हे भाषण संपेपर्यंत आपल्या ध्यानात येईल अशी आशा आहे.

मी डॉक्टर नाही. माझ्याजवळ जे आहे ते घरातील अनुभवाचे आहे, आणि त्यानंतर डॉक्टरांना विचारून, वाचून जे समजले तेवढे आहे.

आमचे घर मिरजेजवळच्या एका गावातले. अब्बा सांगलीच्या हळद बाजारात एका अडत्याकडे हिशेबनीस होते. आम्ही तीन भावंडे. मी थोरला, माझ्यामागे भाऊ आणि सर्वांत धाकटी बहीण. १९७८ साली मी सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातील एका हायस्कुलात शिक्षक होतो. भाऊ १९ वर्षांचा, कॉलेजात शिकत होता. गणितात हुशार. त्या वर्षी पावसाळ्यात तो हळूहळू गप्प होऊ लागला. कॉलेजला जाईना. रात्र रात्र जागा राही. शेजारी आपल्याविषयी कुजबुजतात, भिंतीपलीकडून कोणी आपले नाव घेते, असे म्हणू लागला. अब्बांना वाटले, अभ्यासाचा ताण असेल. अम्मीला वाटले, कोणाची नजर लागली. मला वाटले, वाईट संगत लागली असेल. तिघांचेही अंदाज चुकले होते, आणि या चुकीत आमची पाच वर्षे गेली.

त्या पाच वर्षांत आम्ही काय केले नाही? तावीज बांधले, पाणी दम करून आणले, लांबलांबच्या ठिकाणी मुक्काम केले. अम्मीच्या पाटल्या गेल्या. अब्बांनी पेढीवरून उचल घेतली. हे सारे पुष्कळ घरांत घडते, म्हणून मी त्याचा विस्तार करीत नाही. जे फारसे कोणी सांगत नाही ते सांगतो.

भाऊ रात्री घराबाहेर निघून जाई. म्हणून कोणीतरी जागे राहणे भाग होते. मी नोकरीच्या गावी. अब्बांना पहाटे बाजार गाठावयाचा. तेव्हा जागत असे अम्मी. ती बहिणीला म्हणे, "तू सो, मैं जागती." दिवसा अम्मी स्वयंपाकपाणी, शेळ्या, दळण यांत गुंतलेली असे, तेव्हा भावावर लक्ष कोणी ठेवावयाचे? बहीण तेव्हा नववीत होती. आधी ती आठवड्यातून एक-दोन दिवस शाळा चुकवू लागली. मग मधल्या सुट्टीत घरी येऊन बसू लागली. दहावीचा फॉर्म भरावयाच्या वेळी तिचे नाव पटावरून कमी झालेले होते. घरात कोणी तिला शाळा सोड म्हणाले नाही. तसा निर्णयही कोणी घेतला नाही. ते आपोआप झाले. आणि मी, जो दुसऱ्यांच्या मुलींना शाळेत आणण्यासाठी दारोदार फिरत होतो, त्या मला शनिवारी घरी आल्यावर बहिणीचे दप्तर कोठे आहे हे विचारावयाचे सुचले नाही.

१९८३ साली एका स्नेह्याच्या आग्रहावरून आम्ही भावाला मिरजेतील मानसोपचार तज्ज्ञांकडे नेले. त्यांनी भावाला तपासले, आमच्याकडून सर्व हकीकत ऐकली. मग कागद बाजूला ठेवून अम्मीकडे पाहिले आणि विचारले, "आई, तुम्ही केव्हा झोपता?" पाच वर्षांत हा प्रश्न तिला कोणीही विचारला नव्हता. अम्मी उत्तर देऊ शकली नाही. ती नुसती रडत राहिली.

तोच प्रश्न घेऊन मी आज आपल्यापुढे उभा आहे.

आजार कोणता, दोष कोणाचा?

भावाच्या आजाराला डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर ३०० माणसांमागे सुमारे एकाला तो असतो. म्हणजे आपल्या तालुक्याच्या कोणत्याही मोठ्या गावात अशी काही घरे असणारच. हा आजार बहुधा वयाच्या पंधरा ते तीस या काळात डोके वर काढतो. दहावी, बारावी, कॉलेज, नोकरीचा शोध, लग्नाची बोलणी, हीच ती वर्षे. म्हणून पालकांनी लक्षात ठेवावे की, आतापर्यंत ठीक असलेला मुलगा किंवा मुलगी आठवडेच्या आठवडे कोणाशी बोलत नसेल, झोपत नसेल, अंगावरील कपड्यांचीही शुद्ध ठेवत नसेल, नसलेले आवाज ऐकत असेल, तर तो आळस नव्हे, उद्धटपणा नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. त्याला डॉक्टरांकडे न्यावयास हवे, आणि जितके लवकर न्याल तितके बरे.

याशिवाय उदासीनतेचा आजार आहे, कधी अति उत्साह तर कधी अति खिन्नता आणणारा आजार आहे, म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश आहे. २०१५-१६ साली बंगलोरच्या निम्हान्स संस्थेने देशातील १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. तीत दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते.

हे आजार का होतात? काही भाग रक्तातून येतो, काही भाग मेंदूच्या रसायनांचा आहे, काही ताणाचा, काही ठिकाणी नशेचाही असतो. आईने लाड केले म्हणून, बापाने मारले म्हणून किंवा कोणी करणी केली म्हणून स्किझोफ्रेनिया होत नाही. अम्मी शेवटपर्यंत मनात म्हणत असे की, भाऊ पोटात असताना आपल्याकडून काही चुकले असेल. डॉक्टरांनी तिला दहा वेळा समजावले. आपणांपैकी ज्या कोणा आईच्या मनात असे काही असेल, तिने ते आज येथेच सोडून जावे.

दुआ आणि दवा

आता एका नाजूक गोष्टीविषयी. आपल्या भागात कोणाच्या मनाचा तोल गेला की लोक प्रथम दर्ग्याची किंवा देवस्थानाची वाट धरतात. यात हिंदू-मुसलमान असा भेद नाही. मी श्रद्धेच्या विरुद्ध बोलावयास उभा नाही. दुआने घरातील माणसांच्या मनाला आधार मिळतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. परंतु रोगावर इलाज करावा ही शिकवणही आपल्याला पैगंबर साहेबांकडूनच (स.) मिळाली आहे. दमास्कस येथे ११५४ साली नूरुद्दीन यांनी आणि कैरो येथे १२८४ साली सुलतान कलावून यांनी रुग्णालये उभी केली. त्या शिफाखान्यांत मनाच्या रोग्यांवरही उपचार होत. नवव्या-दहाव्या शतकातील अबू झैद अल-बल्खी या विद्वानाने शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकत्रित ग्रंथ लिहिला. तेव्हा मनाचा आजार हा हकिमाचा विषय आहे ही गोष्ट आपल्याला परकी नाही. ती आपण मध्येच कोठेतरी विसरलो.

विसरण्याची किंमत फार मोठी असते. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरात चालणाऱ्या एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली. तेथील मनोरुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जीव गेले. त्यांना तेथे ठेवणारे नातेवाईक क्रूर होते काय? काही असतीलही. परंतु पुष्कळसे थकलेले असावेत. ज्यांना मदत मिळत नाही, रात्री झोप मिळत नाही, ते लोक शेवटी साखळीला कबूल होतात. एरवाडीविषयी वाचले तेव्हा मला आमची १९८२ सालची एक रात्र आठवली. त्या रात्री अब्बांनी गोठ्यातील दावे हातात घेतले होते. अम्मी आडवी पडली म्हणून ते दावे वापरले गेले नाही.

एरवाडीनंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतः होऊन दखल घेतली. पुढे गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यावर २००८ सालापासून 'दवा आणि दुआ' असा उपक्रम सुरू झाला. दर्ग्याचे मुजावर आणि मानसोपचार तज्ज्ञ एकमेकांच्या सहकार्याने काम करू लागले. यात्रेकरूला मुजावरच सांगतात की, दुआ झाली, आता डॉक्टरांकडेही जा. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी वर्षानुवर्षे झटून काम केले होते. भूत काढण्याच्या नावाखाली रोग्याला बांधणे, मारणे, चटके देणे हा या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

जागणाऱ्याचे हाल

हजरत अय्यूब यांच्या सब्राची आठवण आपण संकटात नेहमी काढतो. परंतु त्या दीर्घ आजारात त्यांची खिदमत करणारी त्यांची पत्नी होती, हेही आपल्या परंपरेत सांगितले जाते. तिच्या सब्राची आठवण किती जण काढतात? आपल्या घरांतही असेच आहे. भेटावयास येणारा प्रत्येक जण आजाऱ्याची चौकशी करतो. उशाशी बसलेल्याची कोणी करीत नाही. आणि उशाशी बसलेली बहुतेक वेळा बाईच असते. आई, बायको, बहीण, सून.

या माणसांचे काय होते ते मी माझ्या घरात पाहिले. प्रथम झोप जाते. मग भूक जाते, अंग दुखते, रक्तदाब वाढतो. लग्नकार्याला जाणे बंद होते, कारण घरी कोण थांबणार? मग लोकही बोलावणे बंद करतात. पैसा संपतो. घरातल्या घरात भांडणे सुरू होतात. आणि मनात अशा गोष्टी येतात की त्या कोणाला सांगता येत नाहीत. आजाऱ्याचा राग येतो. कधी वाटते, हा एकदाचा सुटला तर बरे. असे वाटले म्हणून स्वतःची लाज वाटते. अब्बा एकदा मला म्हणाले, "मी गुन्हेगार बाप आहे." काय मनात आले होते ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. आज मला वाटते की विचारावयास हवे होते. असा विचार थकलेल्या माणसाच्या मनात येतो. त्यामुळे तो दुष्ट ठरत नाही. त्याला विश्रांतीची आणि बोलण्याची गरज आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक दुःख आहे. ज्या मुलाविषयी आपण मोठी स्वप्ने पाहिली, तो डोळ्यांसमोर असतो आणि तरीही हरवलेला असतो. मयत झाली तर लोक पुरसा देण्यास येतात. या दुःखासाठी कोणी येत नाही.

आम्हाला कशाचा उपयोग झाला

त्या डॉक्टरांनी आणि पुढे अनुभवाने आम्हाला ज्या गोष्टी शिकविल्या, त्या क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, वाटणी. डॉक्टरांनी आम्हाला सांगितले की, एका माणसाने सर्व केले तर सहा महिन्यांत मला दोन रोगी तपासावे लागतील. त्या दिवसापासून शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी कोरेगावहून गाडीने मिरजेला येऊ लागलो. शनिवारची रात्र माझी. त्या रात्री अम्मी शेजारच्या चाचींकडे झोपावयास जाई. आठवड्यातून एक पूर्ण रात्र. एवढ्याने तिचा चेहरा दोन महिन्यांत बदलला. औषध आणण्याचे काम चुलतभावाकडे दिले. ज्याला रात्र देता येत नाही त्याने दुपार द्यावी, ज्याला दुपार देता येत नाही त्याने पैसे द्यावेत. परंतु नुसता सल्ला देणाऱ्याने आधी काहीतरी वाटून घ्यावे.

दुसरी गोष्ट, औषधाची शिस्त. या आजारावरील पहिले परिणामकारक औषध १९५२ साली पॅरिसमध्ये वापरात आले. तेव्हापासून पुष्कळ प्रगती झाली आहे. परंतु गोळीचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात, आणि बरे वाटले म्हणून गोळी बंद केली की आजार उलटतो. आम्ही हा धडा दोनदा घेतला. गुंगी, कंप, वजन वाढणे असा त्रास झाला तर गोळी फेकू नये, डॉक्टरांना सांगावे, त्यांच्याजवळ दुसरे उपाय असतात. रोज गोळी घेण्यास नकार देणाऱ्यांसाठी काही आठवड्यांनी एकदा घ्यावयाची इंजेक्शनेही आहेत. रमजानपूर्वी डॉक्टरांना अवश्य भेटावे. काही औषधांच्या वेळा सहरी व इफ्तारप्रमाणे बसविता येतात. परंतु लिथियमसारख्या औषधात दिवसभर पाणी न घेणे धोक्याचे ठरू शकते. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे. ती सवलत घेण्यात कमीपणा नाही.

तिसरी गोष्ट, घरातील बोलणे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन नावाच्या संशोधकाने १९५० नंतरच्या काळात रुग्णालयातून घरी परतलेल्या रोग्यांचा अभ्यास केला. ज्या घरांत सतत टोचून बोलणे, तिरस्कार किंवा अति काळजीपोटी क्षणभरही मोकळे न सोडणे असे, तेथे रोगी अधिक वेळा पुन्हा आजारी पडले. १९८० नंतर चंदिगडला असाच अभ्यास झाला, तेव्हा आपल्याकडील घरांत असे टोचून बोलणे लंडनपेक्षा पुष्कळ कमी आढळले. आपल्या कुटुंबांची ही पुंजी आहे. ती सांभाळली पाहिजे. मिरजेच्या सतारमेकरांना विचारा, तार फार ताणली तर तुटते आणि सैल सोडली तर बोलत नाही. आजाऱ्याशीही तसेच. भाऊ म्हणे, भिंतीतून आवाज येतो. आधी आम्ही वाद घालत असू. नंतर अम्मी म्हणू लागली, "मला ऐकू येत नाही बेटा, पण तुला भीती वाटते ना? चल, चहा पिऊ." खोटे बोलावयाचे नाही आणि भांडावयाचेही नाही.

चौथी गोष्ट, काम. बरे वाटू लागल्यावर त्याला रिकामे ठेवू नये. भाऊ प्रथम शेळ्यांना पाणी दाखवी. मग दळण आणू लागला. आज त्याने साठी ओलांडली आहे. रोज गोळी घेतो आणि पुतण्याच्या किराणा दुकानात हिशेब लिहितो. गणित अजून पक्के आहे.

पाचवी गोष्ट, लग्न हा इलाज नव्हे. "लग्न करा, सुधारेल" असे आम्हाला कित्येकांनी सांगितले. आजार लपवून लग्न लावणे म्हणजे परक्या मुलीला न विचारता रात्रपाळीला बसविणे होय. बरा झालेला माणूस लग्न करू शकतो, परंतु दोन्ही बाजूंना सर्व सांगून, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने.

सहावी गोष्ट, सांभाळणाऱ्याने स्वतःचीही तपासणी करून घ्यावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, रडू येते, जगणे नको वाटते असे झाले तर ते सब्र कमी पडल्याचे लक्षण समजू नये. तो आजार असू शकतो आणि त्यालाही औषध आहे.

एकट्याने नव्हे

अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५० नंतरच्या दशकात डॉ. विद्यासागर नावाचे अधीक्षक होते. त्यांनी आवारात तंबू ठोकून रोग्यांच्या नातेवाइकांना तेथेच राहावयास बोलाविले. संध्याकाळी ते सर्वांना एकत्र बसवून आजार समजावून सांगत. रोगी लवकर घरी परतू लागले. नंतर वेल्लोरच्या रुग्णालयानेही रोग्याबरोबर घरच्या माणसाने राहण्याची पद्धत ठेवली. कुटुंब हे उपचाराचा भाग आहे ही गोष्ट आपल्या देशात अशी सुरू झाली.

दुसरे उदाहरण मराठी माणसाचे. धुळ्याचे जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी येथे विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला. एवढे शिकलेले गृहस्थ, श्रीमंत देश, तरीही सांभाळणाऱ्याचे एकटेपण त्यांना चुकले नाही. परंतु त्यांनी ते लपविले नाही. १९९७ साली त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था स्थापन केली. रोग्यांच्या नातेवाइकांनी एकत्र बसून एकमेकांशी बोलावे, हा तिच्या कामाचा एक मोठा भाग आहे. २००४ साली आलेल्या 'देवराई' या मराठी चित्रपटामागेही त्यांची प्रेरणा होती. आजारी भावाला सांभाळणाऱ्या बहिणीची ती कथा आहे. मी तो चित्रपट माझ्या बहिणीबरोबर पाहिला. ती शेवटपर्यंत काही बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "भाईजान, कोणाला तरी ठाऊक होते म्हणावयाचे."

सोयी आणि हक्क

जुन्या दक्षिण सातारा जिल्ह्याला १९६० साली सांगली हे नाव मिळाले. त्याआधीच्या काळात आपल्याकडील रोग्याला ठाणे, येरवडा किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचेच नाव ऐकावयास मिळे, आणि तेथे जाणे म्हणजे कायमचे जाणे अशी समजूत होती. आज तशी स्थिती नाही. मिरज तर वैद्यकाचे गाव. १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी येथे रुग्णालय उघडले, १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. सातारचे जिल्हा रुग्णालय, सांगली-मिरजेची शासकीय रुग्णालये आणि कऱ्हाडचे कृष्णा रुग्णालय येथे मानसोपचार मिळतात. साताऱ्यात परिवर्तन ही संस्था व्यसनमुक्तीचे व मानसिक आरोग्याचे काम करते. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारने टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक केवळ आजाऱ्यांसाठी आहे असे समजू नका. सांभाळणाराही त्यावर आपले मन मोकळे करू शकतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. रुग्णालयाकडून प्रमाणपत्र मिळाल्यास व अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरल्यास सवलती मिळू शकतात. पात्र कुटुंबांना संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कचेरीत अर्ज करता येतो. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याप्रमाणे रोग्याला आपला प्रतिनिधी आधीच नेमून ठेवता येतो आणि कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे लिहून ठेवता येते. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे कायदा धरून चालतो. म्हणून अशा प्रसंगी पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये. जी आई "माझ्यामागे याचे कसे होणार?" या विचाराने झुरते, तिने या गोष्टींची कागदपत्रे हयातीत करून ठेवावीत. त्याने चिंता संपत नाही, परंतु तिला वाट मिळते.

विद्यार्थी मित्रांनो

आता तुमच्याशी दोन शब्द. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असे कोणी असेल तर लक्षात ठेवा, त्यात तुमचा दोष नाही आणि त्याची लाजही बाळगू नका. एका तरी शिक्षकाला सांगा. वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी असे असेल तर त्याला चिडवू नका. "वेडा" हा शब्द तुमच्या तोंडात किती सहज येतो, आणि ज्याच्या घरी रोज रात्री कोणी जागते त्याला तो कोठे लागतो, याचा विचार करा.

आणि शिक्षक बंधूंनो, हजेरीचा पट हा केवळ हजेरीचा कागद नाही. चांगली चालणारी मुलगी दर सोमवारी, मग दर सोमवार-मंगळवारी गैरहजर राहू लागली, तर तिच्या घरी जा. घरी कोण आजारी आहे ते विचारा. माझ्या बहिणीच्या शाळेतून कोणी आले नाही. तिच्या स्वतःच्या घरात एक शिक्षक होता, तोही आला नाही, तर मी इतरांना काय बोलू?

तिची पुढची हकीकत सांगतो. भावाला आराम पडू लागला, घरात वाटणी ठरली, तेव्हा तिला थोडी मोकळीक मिळाली. १९८९ साली, वयाच्या २५ व्या वर्षी तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीची परीक्षा दिली आणि ती पास झाली. निकालाच्या दिवशी मी पेढे घेऊन गेलो. माझी समजूत अशी की, ती माझे आभार मानील, कारण फॉर्म मी आणला होता. ती म्हणाली, "भाईजान, दहा वर्षे झाली. तुम्ही विचाराल म्हणून मी वाट पाहत होते." पेढ्यांचा पुडा माझ्या हातातच राहिला. पुढे ती अंगणवाडीत लागली आणि चांगली नावाजली गेली. परंतु ती दहा वर्षे तिला कोणी परत देऊ शकले नाही. अम्मी १९९४ साली अल्लाला प्यारी झाली. शेवटची अकरा वर्षे तिला झोप मिळाली, एवढे समाधान आहे.

संस्थेच्या चालकांना माझी तीनच मागण्यांची विनंती आहे. वर्षातून एकदा शाळेत मानसोपचार तज्ज्ञांना बोलावून पालकांशी बोलू द्या. महिन्यातील एका रविवारी शाळेचा एक वर्ग अशा घरांतील माणसांना बसण्यासाठी मोकळा द्या, तेथे भाषण नको, केवळ एकमेकांशी बोलणे असावे. आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात एक रकाना वाढवा, "घरी दीर्घ आजारी कोणी आहे काय? त्यांची काळजी कोण घेते?" त्या रकान्यात एखाद्या मुलीने स्वतःचे नाव लिहिले, तर ती शिष्यवृत्ती आधी तिला द्या.

आणि आपण सर्व वाचकांना, श्रोत्यांना एवढेच. आज घरी जाताना आपल्या मोहल्ल्यातील असे एक घर आठवा. तेथे जा. आजाऱ्याची चौकशी कराच, परंतु त्याच्याजवळ बसलेल्या बाईलाही विचारा की, तुम्ही केव्हा झोपता? आणि तिने उत्तर दिले तर एक रात्र, एक दुपार, जे आपणांस जमेल ते तिला द्या. आजाऱ्याची खिदमत हा सवाब आहे असे आपण मानतो. जो ती खिदमत करतो त्याची खिदमत हाही सवाबच आहे, अशी माझी श्रद्धा आहे.